दहा लाख ओहमचा माणूस

कुठल्याही चिपच्या डेटाशीटचं, म्हणजे माहितीपत्रकाचं, पहिलं पान दुकानाच्या दर्शनी काचेसारखं असतं. जे खपवायचंय ते पुढे मांडलेलं, आणि उरलेलं सगळं मागे, बारीक अक्षरात. हे टेस्टरबाईला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. बारा वर्षं ती वजनकाट्यांच्या कारखान्यात सर्किटं जुळवत होती आणि दिवसाला चार डेटाशीटं हातावेगळी करत होती. पण ठाऊक असलेली गोष्ट नेमक्या वेळी आठवावी लागते. तिला ती आठवली नाही, आणि त्याची शिक्षा तिच्या वडिलांनी भोगली.

टेस्टरबाई हे नाव वडिलांनीच ठेवलेलं. लहानपणी ती टेस्टर घेऊन घरभर हिंडायची आणि दिसेल त्या प्लगात खुपसायची. वडील पाहुण्यांना सांगायचे, "ही आमच्याकडची इन्स्पेक्टर. येते रोज, पण चहापाण्यावर भागत नाही तिचं." ते ड्रायव्हिंग शिकवायचे. शेजारच्या सीटवर बसून, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून, त्यांनी पस्तीस वर्षांत निम्म्या गावाला गाडी शिकवली. एकदा बोलायला लागले की थांबायचं नाव नाही, आणि सरळ बोलतील तर शपथ. शिकाऊ माणसाने गाडी फुटपाथवर चढवली की शांतपणे म्हणायचे, "छान. आता जिन्याने वर जाऊ या की दार उघडून घंटी वाजवू?" थट्टा केल्याशिवाय त्यांच्या गळ्याखाली घास उतरत नसे.

अशा माणसाच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि सगळं एका सकाळीत बंद पडलं. हात, पाय, मान, जीभ. पापण्यासुद्धा उघडेनात. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून नर्सबाई त्यांत मलम घालून वर चिकटपट्टी लावायच्या. डॉक्टर भले होते, उगाच गोड बोलणारे नव्हते. ते म्हणाले, "आत माणूस पूर्ण जागा असू शकतो. पापणीखाली बुबुळं जराशी हलतात असं मला वाटतं. ते मुद्दाम हलवतात की आपोआप हलतात, हे नुसतं बघून कळत नाही." आणि औषधांची चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी हेही सांगितलं की स्नायू असे आखडले की दुखतं, चांगलंच दुखतं. किती दुखतंय ते मात्र फक्त पेशंटच सांगू शकतो. तोवर वेदनेची गोळी दिवसातून तीनदा, चुरून, नळीतून द्यायची.

आईने त्यातलं एकच वाक्य उचललं. "आत जागे असतील म्हणाले ना? मग तू एवढी सर्किटं करतेस, ह्यांना बोलतं कर."

"आई, वजनकाटा वेगळा आणि माणूस वेगळा."

"तुझ्या काट्यावर मुंगी ठेवली तर आकडा हलतो म्हणून तूच सांगतेस सगळ्यांना. आता ह्यांच्यासाठी म्हटलं तर वेगळं?"

आईपुढे बोलायची सोय नव्हती. शिवाय आईचं खरंच होतं. डोळा हा एक इवलासा सेल असतो. बुबुळ वर गेलं की भुवईच्या वर आणि गालावर चिकटवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये काडीमात्र व्होल्टेज तयार होतं, खाली गेलं की तेच उलटं होतं. पापण्या मिटलेल्या असल्या तरी चालतं. काडीमात्र म्हणजे किती, तर एका व्होल्टचे दहा लाख तुकडे केले तर त्यांतले पन्नास-साठ. ते ॲम्प्लिफायरने मोठं करायचं आणि दिवा लावायचा. अडचण एवढीच की कुठलाही ॲम्प्लिफायर बाहेरच्या गोष्टीबरोबर स्वतःची खरखरही मोठी करतो. या खरखरीला कारखान्यात सगळे नॉइज म्हणतात, आणि कुठल्या चिपची नॉइज किती हे डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं.

टेस्टरबाईने दुसरीकडे कुठे पाहिलंच नाही. कारखान्यातल्या प्रत्येक काट्यात जी चिप बसायची तीच तिने घेतली. पहिल्या पानावर ठळक अक्षरात तिची नॉइज लिहिलेली होती: एक नॅनोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा शंभर कोटीवा हिस्सा. यापेक्षा लहान आकडा बाजारात नव्हता. त्या चिपवर तिचा इतका जीव की पोरं तिला चिडवायची, बाई नवरा शोधतानाही आधी नॉइज विचारतील. अठरा दिवसांत डबा तयार झाला. वर पाहिलं तर हिरवा दिवा, म्हणजे हो. खाली पाहिलं तर लाल, म्हणजे नाही. घरी नेण्याआधी कारखान्याच्या रीतीने तिने दोन्ही इनपुट तारा एकमेकींना जोडल्या आणि डबा दोन तास चालू ठेवला. एकही दिवा मिणमिणला नाही, तेव्हा तिने वर पासचा शिक्का मारला. गंमत म्हणून मारला, पण मारला.

पहिल्या दिवशी खोलीत आई, नर्सबाई आणि ती, अशा तिघी पलंगाभोवती उभ्या होत्या. प्रश्न विचारायचा आणि दिवा लागेपर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं.

"बाबा, मी तुमची मुलगी ना?"

आठ-दहा सेकंद गेले आणि हिरवा लागला. आई रडायलाच लागली. नर्सबाईंनी डोळ्याला पदर लावला.

"तुम्ही शिंपी आहात का?" लाल. "दोन आणि दोन चार होतात?" पुन्हा लाल. टेस्टरबाई चरकली, पण आई रडता रडता हसायला लागली. "बघ, थट्टा सुटली नाही अजून! मरणाच्या दारातून परत आले आणि पहिली गोष्ट काय केली, तर तुझी फिरकी घेतली." मग तीही हसली. दुसऱ्या कुणाचा बाप असता तर त्या लाल दिव्याने तिला जागं केलं असतं. तिच्या बापाचं मात्र चुकीचं उत्तरसुद्धा अगदी त्यांच्यासारखंच वाटलं.

त्यानंतर घर बदललं. आई सकाळी सगळी कामं उरकून पलंगाशी खुर्ची ओढून बसायची आणि दुपारपर्यंत तिचं आणि दिव्याचं चालायचं. रस्त्याचा आवाज फार येतो, पलंग मागच्या खोलीत घेऊ? हिरवा. घेतला. शिकवायची गाडी अंगणात गंजतेय, तुमच्या जुन्या विद्यार्थ्याला देऊन टाकू? हिरवा. दिली. एका दुपारी आईने दार लोटून घेतलं आणि विचारलं, "मी कधी तुमच्याशी वाईट वागले का हो?" लाल लागला, आणि आई त्या दिवशी तरुण बाईसारखी घरभर वावरली. टेस्टरबाईने हे दाराआडून ऐकलं होतं, आणि आपण आयुष्यात एक तरी काम धड केलं म्हणून तिला भरून आलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर आले. दिवा पाहून ते खूश झाले. त्यांनी स्वतः वाकून विचारलं, "दुखतंय का तुम्हाला?" थोड्या वेळाने लाल लागला. दुसऱ्या दिवशी फोनवरून आईला विचारायला लावलं, पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशी आधी हिरवा लागला. आई म्हणाली, "असं काय करता, नीट सांगा बघू," आणि पुन्हा विचारलं. मग लाल लागला. डॉक्टर म्हणाले, "गोळीने गुंगी येते, छातीत कफ साचतो. दुखत नसेल तर कशाला द्यायची?" गोळी बंद झाली. त्यानंतर हा प्रश्न कुणी विचारला नाही. माणसाने एकदा नाही सांगितल्यावर तेच तेच विचारून त्याला किती पिडायचं, असं आईचं म्हणणं पडलं, आणि ते सगळ्यांना पटलं.

असे साडेतीन महिने गेले.

मग नर्सबाईंनी विषय काढला. त्यांच्याकडे आणखी एक पेशंट होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, अशाच पडून होत्या. "ताई, तसाच एक डबा त्यांनाही करून द्या ना. त्यांचा मुलगा वेडा व्हायची वेळ आली आहे." टेस्टरबाईने आनंदाने हो म्हटलं. दुसरा डबा तिने कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत जुळवला आणि बाकावर चालू करून ठेवला, दोन्ही इनपुट तारा एकमेकींना जोडून.

तळटीपकाका तिथून चालले होते. हे कारखान्याचे जुने डिझायनर. निवृत्त झाले तरी आठवड्यातून दोनदा यायचे, कारण घरी त्यांच्याशी कुणी भांडत नसे. डेटाशीट हातात आलं की ते आधी शेवटचं पान वाचायचे, मग तळटीपा, आणि पहिलं पान बहुधा वाचायचेच नाहीत. म्हणून हे नाव. त्यांनी चष्मा वर केला.

"हेच का ते वडिलांना बोलतं करणारं?"

"हो काका. हा दुसरा. बघा कसा शांत आहे, अर्धा तास झाला."

"माणसाच्या जागी काय लावलंयस?"

"काही नाही. इनपुट शॉर्ट केलेत."

"म्हणजे तुझा पेशंट तांब्याचा आहे."

ती हसली. काका हसले नाहीत. "कातडीचा रेझिस्टन्स किती येतो?"

"पट्ट्यांखालचं जेल ताजं आणि कातडी पुसलेली असेल तर पाच-दहा हजार ओहम."

"आणि वाळल्यावर?"

तिने आठवून पाहिलं. पट्ट्या रोज बदलल्या तर वडिलांची कातडी लाल व्हायची, म्हणून आई त्या चार-चार दिवस काढत नसे, आणि खालची कातडी पहिल्या दिवसापासून डोळ्यांतल्या मलमाने तेलकट असायची. "एकदा मोजला होता. दहा लाखाच्या आसपास दाखवत होतं. मला वाटलं मीटरची पिन नीट टेकली नसेल."

काकांनी खण उघडला, दहा लाख ओहमचा, त्या वाळलेल्या पट्ट्यांइतकाच अडथळा करणारा एक रेझिस्टर शोधला, जोडलेल्या तारा सोडवल्या आणि मध्ये तो लावून दिला. तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. त्याला ना बाप होता ना मुलगी.

सात सेकंदांनी हिरवा दिवा लागला. विझला. बऱ्याच वेळाने लाल लागला. पुन्हा लाल. मग हिरवा, नेहमीसारखाच, जरा विचार करून उत्तर दिल्यासारखा.

"असं कसं?" ती म्हणाली. "एक नॅनोव्होल्ट आहे काका. पहिल्याच पानावर आहे."

"पाचवं पान काढ."

पाचव्या पानावर तक्ता होता. व्होल्टेज नॉइजच्या खाली आणखी एक ओळ होती, करंट नॉइजची. ती ओळ तिने शेकडो वेळा पाहिली होती आणि शेकडो वेळा सोडून दिली होती, कारण वजनकाट्यात तिचा काडीचा उपयोग नसतो. काका तिला समजावू लागले, रागावून नव्हे, आणि तेच तिला रागापेक्षा जास्त लागलं. "ही चिप आपल्या इनपुटातून जराजरासा करंट ढकलत असते. माणूस गुळगुळीत फरशीवरून चालला तर पावलं ऐकू येत नाहीत. तोच खडीवरून चालला की कर्रकर्र ऐकू येतं. तुझ्या काट्यात साडेतीनशे ओहम असतात, ती फरशी. तिथे ही चिप राणी आहे. तारा शॉर्ट केल्यास तर तेवढेही ओहम नाहीत, मग काय ऐकू येणार? पण वाळलेलं जेल आणि म्हाताऱ्याची कातडी, ही खडी. त्या करंटला दहा लाखाने गुण, किती होतं ते बघ. आणि हा ठळक आकडा कुठला आहे, खालची तळटीप वाच. एक किलोहर्ट्झचा. सेकंदाला हजार वेळा हलणाऱ्या गोष्टीचा. डोळा सेकंदाला हजारदा हलतो का? सातव्या पानावरचा आलेख बघ, डावीकडे, म्हणजे हळू हलणाऱ्या गोष्टींकडे, कसा चढत गेलाय. तुझं सगळं काम त्या डाव्या कोपऱ्यात आहे."

तिने बघितलं. रेघ डावीकडे चढत चढत आलेखाच्या बाहेर गेली होती.

"आणि दिवा लागेपर्यंत थांबायचं हे कुणी ठरवलं?" काकांनी विचारलं. "थांबलं की कुठलातरी लागणारच. खरखरीने इकडेतिकडे भटकणारं व्होल्टेज कधी ना कधी एका दिव्याच्या काठाला लागतंच."

काका चहा आणायला गेले. ती बाकावर एकटी होती. शहाण्या माणसाने करू नये असं तिने केलं. ती रेझिस्टरवर वाकली आणि हळूच म्हणाली, "दुखतंय का तुम्हाला?"

ती मनात मोजत राहिली. अकराव्या सेकंदाला लाल लागला.

चहाचे दोन कप घेऊन काका तिच्या मागे उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. तिने त्यांना गोळीचं सांगितलं, तीन वेळा विचारल्याचं सांगितलं, आईच्या "नीट सांगा"चंही सांगितलं. काकांनी कप खाली ठेवले. "मास्तरीणबाईंचा डबा इथेच राहू दे. आणि घरी जाऊन आजच्या आज गोळी सुरू कर."

"आधी खात्री करून घेते काका. नीट डबा बनवते, मग सांगते आईला."

"कसली खात्री करायची राहिलीय आता?"

तिने त्याच दुपारी नवी चिप मागवली. ती यायला चार दिवस होते. खात्री झाल्याशिवाय बोलू नये, हे कारखान्यात शहाणपण असतं. घरी ते निव्वळ भित्रेपण होतं आणि तिला ते कळत होतं. चारही दिवस संध्याकाळी घरात शिरताना तिने ठरवलं की आज सांगायचं, आणि चारही दिवस आई हसत सामोरी आली. "आज ह्यांनी मला तीनदा हो म्हटलं. पडदे बदलायचेत म्हणाले." जिला चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याकडून एक सरळ उत्तर मिळालं नव्हतं, तिला आता ती रोज मिळत होती. तिला काय सांगायचं? की तू साडेतीन महिने एका चिपशी बोलतेस? टेस्टरबाई हातपाय धुवायला आत जायची आणि नळ सोडून रडायची.

रडण्यापेक्षाही वाईट एक गोष्ट होती. ती मनाशी देवाला म्हणत होती, नव्या डब्यात काही न दिसो. एकही दिवा न लागो. बाबा आत नसोतच. कारण ते आत नसतील तर त्यांना दुखलंही नाही, आणि कुणी त्यांच्या तोंडी खोटं घातलं हे त्यांनी ऐकलंही नाही. स्वतःच्या बापाच्या बाबतीत हे मागावं लागलं, याची तिला इतकी शरम वाटली की त्या दिवसांत ती त्यांच्या खोलीत दोन मिनिटांवर थांबू शकली नाही.

नवी चिप आली. तिच्या पहिल्या पानावर मिरवण्यासारखं काहीच नव्हतं. व्होल्टेज नॉइज जुनीच्या आठपट. कारखान्यातल्या कुणीही हे डेटाशीट बाजूला टाकलं असतं, तिनेही टाकलं असतं. करंट नॉइज मात्र जुनीच्या हजाराव्या हिश्श्याहून कमी होती. तिने डबा जुळवला, माणसाच्या जागी दहा लाखाचा रेझिस्टर लावला आणि तीन तास समोर बसून राहिली. एकही दिवा लागला नाही. काकांनी दोन नियम घालून दिले. उत्तर तीन सेकंदांत आलं तरच धरायचं. आणि प्रत्येक गोष्ट सुलट विचारायची, मग उलट विचारायची. दोन्ही उत्तरं एकमेकांना धरून असतील तरच ते माणसाचं उत्तर.

रविवारी सकाळी आई अंघोळीला गेली तेव्हा तिने डबा बदलला. जुन्या पट्ट्या काढल्या, कातडी हलक्या हाताने पुसली, ताजं जेल लावलं, रेझिस्टन्स मोजून वहीत लिहिला. आई केस पुसत आली आणि नेहमीच्या खुर्चीत बसली.

"काय हो, झोप लागली का?"

दिवा लागला नाही. आईने वाट पाहिली. "अगं, काय झालं? लागत का नाही? तू काय केलंस?"

"आई, जरा थांब." ती वडिलांच्या कानाशी वाकली. "बाबा, ऐकू येत असेल तर वर बघा."

हिरवा. तिचं वाक्य संपतं न संपतं तोच हिरवा.

"आता खाली बघा." लाल. "वर." हिरवा. "खाली, आणि लगेच वर." लाल, हिरवा.

ते आत होते. क्षणभर ती सगळं विसरली आणि लहान पोरीसारखी त्यांच्या छातीवर डोकं टेकून "बाबा, बाबा" करत राहिली. आईला कळेना. "एवढं काय त्यात, रोजच तर लावतात."

तिने डोळे पुसले आणि वही उघडली. दोन आणि दोन चार होतात? हिरवा. दोन आणि दोन पाच होतात? लाल. थट्टा नाही, फिरकी नाही. आता तिने तो प्रश्न विचारला.

"बाबा, दुखतंय का?"

हिरवा.

"आता बरं वाटतंय का?"

लाल.

"आजच दुखायला लागलंय?" लाल. "आठवड्यापासून?" लाल. "पहिल्यापासून?" हिरवा. तो विझला आणि न विचारता पुन्हा लागला, मग पुन्हा. कुणीतरी आतून दार बडवत असावं तसा.

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "पण ह्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरांसमोर सांगितलं होतं, नाही म्हणून."

"त्यांनी नव्हतं सांगितलं, आई."

मग तिने सांगितलं. चिपचं, पाचव्या पानाचं, बाकावरच्या रेझिस्टरचं. आईला नॅनोव्होल्टमधलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे एकही उत्तर ह्यांचं नव्हतं?" आणि मुलीवर विश्वास नसल्यासारखं तिने स्वतःच नवऱ्याकडे वळून विचारलं, "आधीचा दिवा तुम्ही लावत होता?"

लाल.

"मी बोलत होते ते सगळं ऐकू येत होतं?"

हिरवा.

केस पुसायचा पंचा आईने मांडीवर घेतला आणि त्याची घडी घातली. पलंग, गाडी, पडदे, दार लोटून विचारलेला तो प्रश्न, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जात असणार. ती ओरडली असती तर टेस्टरबाईला बरं वाटलं असतं. "आणि हे तुला आज कळलं?" आईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "मंगळवारी," ती म्हणाली.

"मंगळवारी," आई म्हणाली. तिने बोटांवर दिवस मोजले, मोठ्याने, एकेक. मग ती उठली आणि डॉक्टरांना फोन करायला बाहेरच्या खोलीत गेली.

खोलीत दोघंच उरली. वडिलांचा चेहरा नेहमीसारखा होता, पट्टीखाली डोळे, गालावर जेलचा ओला डाग. वहीत लिहिलेले प्रश्न संपले होते. पुढचा तिने लिहिला नव्हता.

"बाबा, माझ्यावर रागावलात?"

हिरवा. एक सेकंदही लागला नाही.

नियम तिनेच मान्य केला होता, आणि आता तो मोडायला तिचं मन धजेना. तिने प्रश्न उलटा केला. "मला माफ केलंत?"

लाल.

तिने डब्याकडे पाहिलं. सवयीने ती चूक शोधू लागली. जेल ताजं होतं. रेझिस्टन्स वहीत लिहिलेला होता. तारा घट्ट होत्या, चिप तीन तास गप्प बसलेली होती, दोन्ही उत्तरं एकमेकांना धरून होती. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पुन्हा तपासलं आणि शंका घ्यायला तिला कुठे जागा सापडली नाही. या वेळी तिने बापासाठी केलेलं काम बिनचूक होतं.

"त्या गोळीचं नाव काय गं?" आईने बाहेरून विचारलं. तिने नाव सांगितलं, आणि दिवसातून तीनदा, चुरून, नळीतून, हेही सांगितलं.